दहा खाली, पाच वर

१

रजेच्या पहिल्या सकाळी तिने टेबल खिडकीशी सरकवलं, लेखणीत शाई भरली, कोऱ्या कागदांची चळत उजवीकडे आणि लिहून झालेली अकरा प्रकरणं डावीकडे ठेवली, आणि बरोबर नऊच्या ठोक्याला खुर्चीत बसली. इस्पितळातही ती नऊलाच बसत असे. रजेत वेळ ढळली की शिस्त ढळते आणि शिस्त ढळली की रजेचं मातेरं होतं, हा अनुभव तिने आधीच्या चार रजांमध्ये घेतला होता.

ती कान तपासत असे. एका मोठ्या इस्पितळाच्या तळमजल्यावर बावीस वर्षं तिचं तेच काम होतं: काचेच्या अलीकडे यंत्रापुढे ती, पलीकडे ध्वनिबंद खोलीत हेडफोन लावून बसलेला रुग्ण. ती बारीकसा आवाज सोडी; तो ऐकू आला की रुग्णाने हातातलं बटण दाबायचं, म्हणजे तिच्यासमोर हिरवा दिवा लागे.

आणि नऊ वर्षं ती एक कादंबरी लिहीत होती. भाजीची पिशवी घेऊन घराबाहेर पडलेली एक बाई समोर येईल त्या बसमध्ये चढते आणि परत येत नाही, एवढीच गोष्ट. पण अकराव्या प्रकरणाच्या शेवटी ती बाई थांब्यावर येऊन उभी राहिली, ती चार वर्षं उभीच होती.

"बाई, तुमच्या कादंबरीची वाट पाहायला लागलो तेव्हा माझे केस काळे होते," जुने संपादक गेल्या महिन्यात फोनवर म्हणाले होते. "आता मी निवृत्त होतोय. एकतीस तारखेपर्यंत पूर्ण हस्तलिखित आलं तर छपाईला देऊनच जाईन. नाही आलं, तर माझ्या जागी जो येतोय त्याला तुमचं नावसुद्धा ठाऊक नाही."

म्हणून ही तीन आठवड्यांची रजा. तिने लेखणी उघडली आणि लिहिलं: बस लांबूनच दिसली.

वरच्या मजल्यावर 'टक' असं वाजलं.

कुणी तरी एखादी लहानशी लाकडी वस्तू जमिनीवर टेकवावी, तसा आवाज. त्यात वावगं काहीच नव्हतं. फक्त वरचं घर वर्षभर बंद होतं. ती उठली तशी तिची जुनी वेताची खुर्ची कुरकुरली. छताकडे पाहत ती क्षणभर उभी राहिली, मग उठलोच आहोत तर म्हणून पाणी प्यायली, पाणी पिताना ओट्यावरच्या बरण्यांची झाकणं तेलकट दिसली, आणि साडेअकराला ती परत टेबलाशी आली तेव्हा बारा बरण्या धुऊन पालथ्या घातलेल्या होत्या.

२

पहिल्या आठवड्यात तिने काय काय केलं याची यादी मोठी होती, आणि त्या यादीत लेखन कुठेच नव्हतं. मोरीतला गळका नळ बदलून घेतला. कपाटातले कागद तारीखवार लावले. पडदे उतरवले, धुतले, चढवले. दर वेळी सुरुवात मात्र एकच असे: ती एखादं वाक्य धरी, वरून किंवा भिंतीतून काही तरी वाजे, ते काय म्हणून पाहायला ती उठे, आणि उठली की हाताला दुसरं काही लागे.

चौथ्या दिवशी तिने इमारतीच्या रखवालदाराला किल्ली घेऊन वर नेलं.

"म्हातारे मालक लेकीकडे राहायला गेले तेव्हाच सामान गेलं, मॅडम," तो कुलूप काढता काढता म्हणाला. "उंदीर असेल."

"उंदीर ठरावीक जागी वाजत नाही."

"शिस्तीचा असेल. तुमच्या डोक्यावर राहतो ना."

खोल्या रिकाम्या होत्या. भिंतींवर खिळ्यांची भोकं, जमिनीवर सारखी पसरलेली धूळ, आणि त्या धुळीत या दोघांच्या पावलांखेरीज कसलीही खूण नाही. तिच्या टेबलाच्या नेमक्या वर येईल अशा जागी ती उकिडवी बसली आणि बोटाने फरशी वाजवून पाहिली. घट्ट होती. खाली उतरताना तिला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तिच्या मनात आलं की आजचा आवाज कालच्यापेक्षा हलका होता, आणि किती हलका होता तेही आपल्याला नेमकं ठाऊक आहे.

रविवारी थोरली बहीण फोनवर म्हणाली, "कुठवर आलं?"

"चाललंय, ताई."

"म्हणजे ती बाई अजून थांब्यावरच आहे. अगं, पाय दुखले असतील बिचारीचे. निदान बाक तरी दे."

"घरात आवाज फार होतात."

"तुझ्या घरात? तुझ्या घरात घड्याळसुद्धा दबकून चालतं. हे बघ, लहानपणी अभ्यासाला बसलीस की तुला तहान लागायची. आता आवाज ऐकू येतात. वय झालं, बाकी काही नाही."

तिला हसू आलं. बहिणीचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि तेवढ्यावर ती दोन दिवस समाधान मानून राहिली.

३

दुसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी तिने तक्ता आखला. चिडलेल्या माणसाने भिंतीवर मूठ आपटली असती. ती रकाने पाडत असे. पहिल्या रकान्यात वेळ, दुसऱ्यात आवाज किती मोठा, तिसऱ्यात आपण उठलो की नाही. आवाजाचा आकडा अंदाजाचा होता, पण बावीस वर्षं रोज सकाळी तपासण्या सुरू करण्याआधी तिने स्वतःच्या कानांनी यंत्र पडताळलं होतं. तिचा अंदाज सहसा चुकत नसे.

बुधवारी दुपारी तिने तो तक्ता वाचला आणि पुन्हा एकदा, या वेळी खालून वर वाचला.

तिच्या कामाची रीत अशी असते. प्रथम सहज ऐकू येईल एवढा आवाज द्यायचा. रुग्णाने बटण दाबलं की पुढचा आवाज दहा डेसिबलने खाली. बटण दाबलं नाही, तर पाच वर. पुन्हा दाबलं, पुन्हा दहा खाली. असं उतरत-चढत तपासणारा अशा पायरीवर येतो, जिच्या खाली या माणसाला काहीच पोचत नाही. ती पायरी आलेखावर मांडायची. आणि दोन आवाजांमधलं अंतर कधीही सारखं ठेवायचं नाही, नाही तर रुग्ण ऐकणं सोडून अंदाज बांधू लागतो.

तक्त्यात दोन आवाजांमधली अंतरं होती अकरा मिनिटं, दोन मिनिटं, पंचवीस, सात. एकही सारखं नव्हतं. जिथे ती उठली होती, तिथे पुढचा आकडा दहाने उतरला होता. जिथे बसून राहिली होती, तिथे पाचने चढला होता. अपवाद एकही नव्हता.

तिने स्वतःला समजावलं. शिंप्याला रस्त्यावरच्या माणसाआधी त्याच्या बाह्या दिसतात. आपल्याला आपलं कामच दिसणार. आकडे आपण मांडले, अंदाज आपला, आणि अंदाजाला हवं तिकडे झुकायची खोड असते. शिवाय ही तपासणी असेल तर ती निरर्थक होती. तिला ऐकू तर सगळंच येत होतं.

मग तिची नजर तिसऱ्या रकान्यावर ठरली, आणि तिला कळलं की मोजलं जातंय ते ऐकू येणं नव्हेच. हातातलं वाक्य टाकून ती उठावी यासाठी कमीत कमी किती पुरतं, ते मोजलं जात होतं. आणि खुर्चीच्या कुरकुरीने दर वेळी उत्तर तीच देत होती.

पहिल्या दिवशी एका टकटकीला उठणारी ती आज, कागदाचा कोपरा आपोआप उलटावा एवढ्या आवाजाला उठली होती.

४

गुरुवारपासून तिने उठायचं नाही असं ठरवलं.

नऊला ती बसली. नऊ वाजून सहा मिनिटांनी आवाज आला, अगदी पुसट. ती हलली नाही. दहाला पाच कमी असताना पुन्हा आला, एक पायरी चढून. तिने लिहिलं: बसचा आकडा बाईला वाचता आला नाही. तिसरा आवाज, चौथा, आठवा. टाचणी पडल्यासारखा. मग किल्ल्यांचा जुडगा पडल्यासारखा. दुपारपर्यंत कुणी पाटा सरकवावा तसं घरघरू लागलं, आणि तिच्या हातातलं अक्षर वाकडं झालं.

शुक्रवारी बहीण डबा घेऊन आली. "तू जेवत नाहीस ते तुझ्या आवाजावरून कळतं," असं म्हणत ती टेबलाशेजारी मोड्यावर बसली. "उठ, ताटं घे."

"तूच घे, ताई. मी आज खुर्चीतून उठणार नाहीये."

"नवस बोललीस की काय?"

त्याच वेळी वर काही तरी कोसळलं. निदान तिला तरी ते कोसळल्यासारखं ऐकू आलं. दातांच्या मुळापर्यंत पोचणारा, जड, एकच ठोका. तिने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. बहीण डब्याची झाकणं सोडवत होती.

"ताई, आत्ता काय वाजलं?"

"कुठे?"

"वर."

बहिणीने मान तिरकी करून कान दिला. तिच्या चेहऱ्यावरचा मिस्कीलपणा हळूहळू उतरत गेला, पण तो काही ऐकू आल्यामुळे नव्हे. ती धाकटीकडे पाहत होती. "काही नाही गं," ती म्हणाली. "तुझी बोटं बघ कशी पांढरी पडलीयेत. चल माझ्याकडे दोन दिवस."

"एकतीसला सहा दिवस राहिलेत."

"मग राहू दे ती कादंबरी. कुणी फाशी देत नाही."

"नऊ वर्षं झाली, ताई," ती म्हणाली.

बहीण गेल्यावर तिने विचार केला. हेडफोनमधला आवाज रुग्णाखेरीज कुणाला ऐकू येत नसतो. इथेही तसंच होतं. मग पुढचा ठोका आला, आणखी पाचने वर, आणि तो कानांना कमी आणि फासळ्यांना जास्त जाणवला. ती उठली. खुर्ची कुरकुरली. पुढचा आवाज आज्ञाधारकपणे दहाने खाली आला.

उठावं तर मोजमाप पुरं होत होतं. न उठावं तर लिहिता येत नव्हतं. टेबलावर दोन दिवसांची कमाई पडली होती: चार वाक्यं.

५

शनिवारी सकाळी दात घासता घासता तिला उपाय सुचला, आणि तो इतका सोपा होता की ती आरशात पाहून स्वतःवरच रागावली. ती स्वतः तपासणारी होती. तपासणारा कशाने जेरीस येतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

ती खुर्चीत बसली आणि कुठलाही आवाज झालेला नसताना उठली. कुरकुर. बसली. दोन मिनिटांनी पुन्हा उठली. मग लागोपाठ तीनदा. मग चांगला वीस मिनिटांचा खंड. मग एकदा अर्धवट. आवाज आला तेव्हा बसून राहिली, न आला तेव्हा उठली. दुपारी दोनपर्यंत तिचे गुडघे भरून आले होते आणि तक्त्यातल्या आकड्यांचा पार खेळखंडोबा झाला होता. असा आलेख कुणाच्याही उपयोगाचा नसतो. तो टाकून द्यावा लागतो.

दोन वाजून दहा मिनिटांनी एक आवाज आला, चाचरल्यासारखा. ती त्याआधीच उठून उभी होती.

त्यानंतर काहीच आलं नाही.

ती वाट पाहत राहिली. तीन वाजले, चार वाजले. पाचला तिने लेखणी उचलली आणि बाईला बसमध्ये चढवलं. चार वर्षं अडलेली ती पायरी बाईने पिशवी डाव्या हातातून उजव्या हातात घेत सहज ओलांडली, आणि मग बस निघाली ती थांबेनाच. वाहकाने विचारलं, "कुठे?" आणि बाईने उत्तर म्हणून एक गाव सांगितलं, जे लिहिणारीलासुद्धा त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. रविवारी संध्याकाळपर्यंत एकोणतीस पानं झाली. सोमवारी जेवायच्या सुट्टीपर्यंत आणखी नऊ. शेवट आता हाताच्या अंतरावर दिसत होता. दोन दिवसांचं काम, फार तर अडीच.

शांतताही तशीच मिळाली होती. इतकी निखळ, की पानावर सरकणारी निबेची खरखर तिला संगतीसारखी वाटू लागली. पंखा फिरत होता आणि वाजत नव्हता. खिडकीखालून गाड्या जात होत्या, हे तिला मान वर करून पाहिल्यावर कळे. तिने त्याचा विचार केला नाही. लिहिणं रंगलं की जग मागे पडतं असं लोक म्हणतात, आणि तिच्यावर ती वेळ पहिल्यांदाच आली होती.

६

सोमवारी तीनच्या सुमारास फोन थरथरला. इस्पितळातली धाकटी सहकारी होती. तिच्या हाताखाली तयार झालेली, हुशार, थोडी बडबडी.

"मॅडम, डिस्टर्ब करत नाही ना? डाव्या हेडफोनची वायर बदलायला दिलीय, एवढंच सांगायचं होतं."

"बरं केलंस. बाकी ठीक?"

"ठीक हो. आज एक आजोबा आले होते, देवा रे. आवाज सोडायच्या आत बटण. आवाज नाही, तरी बटण. सारखे दाबतायत. दिवाळं काढलं त्यांनी आलेखाचं."

ती हसली. "बहिरे नव्हते, उतावळे होते."

"मला तर वाटलं मुद्दाम करतायत. आपल्याला तपासूच द्यायचं नाही, असं ठरवून आल्यासारखे."

तिने लेखणी कागदावरून उचलली. "मग काय केलंस?"

"मग काय करणार? तुम्ही शिकवलंय तेच." सहकारीच्या आवाजात शहाण्या विद्यार्थिनीचा अभिमान होता. "चिडायचं नाही. यंत्र थांबवायचं. आपल्या जागेवरून उठायचं, दार उघडून आत जायचं, खुर्चीजवळ खाली वाकून, हळू आवाजात, सगळं पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगायचं. आणि समजलं का, ते विचारल्याशिवाय बाहेर यायचं नाही."

"हो," ती म्हणाली.

"मॅडम? तुमचा आवाज फार बारीक येतोय. कुठे आहात, बंद खोलीत का?"

तिने उत्तर दिलं. ते पलीकडे पोचलं नसावं, कारण सहकारी दोनदा "हॅलो" म्हणाली आणि फोन बंद झाला.

७

ध्वनिबंद खोलीचं दार जाड असतं आणि त्याच्या चारी कडांना रबर असतं. ते लावलं की आत बसलेल्याला प्रथम काही जाणवत नाही; बाहेरचं जग बंद झालंय, हे त्याला जग परत आलं की मगच कळतं. कारण दार उघडताच इस्पितळाचा सगळा गलबला, ढकलगाड्यांची चाकं, कुणाचा खोकला, नावाचा पुकारा, एकदम पाठीमागून आत लोटतो, आणि रुग्ण दचकून मान वळवतो. त्याला ती नेहमी सांगे, असू द्या, वळू नका, मीच आहे.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी तिच्या पाठीमागून रस्ता आत आला.

गाड्यांचे हॉर्न, इंजिनं, खालच्या दुकानाचं वर ओढलेलं लोखंडी दार, कुठल्याशा मुलीचं हसणं, आणि स्वतःच्याच घरातल्या पंख्याची घरघर, असं सगळं एका क्षणात तिच्या मानेवर आदळलं. खिडकी तिच्या समोर होती. आवाज मात्र मागून, खोलीच्या आतल्या बाजूने आला, जिथे फक्त भिंत होती.

तिने मान वळवली नाही. हे धैर्य नव्हतं. मान वळवली तर पान समोरून जाईल, आणि पान गेलं तर ते पुन्हा मिळणार नाही, एवढंच तिला त्या क्षणी सुचलं. वाहकाने बाईला तिच्या गावाचं नाव पुन्हा विचारलं होतं. बाईने तोंड उघडलं होतं. तिने 'बाई' हा शब्द लिहिला आणि त्यापुढे 'म्हणाली' लिहिलं.

पावलं वाजली नाहीत. उजव्या हाताला उजेड थोडा कमी झाला, जसा कुणी शेजारी येऊन वाकल्यावर होतो, अदबीने, बसलेल्याच्या कानाच्या उंचीवर तोंड येईल इतका. टेबलाच्या कडेवर एक हात टेकला. स्वच्छ हात होता. नखं मुळापर्यंत कापलेली, दुसऱ्याच्या कानाला लागू नयेत म्हणून कापतात तशी. बोटं किती, हे तिने मोजलं नाही. एका नजरेत जेवढी दिसली तेवढ्यावरच तिने डोळे पानाकडे वळवले.

मग तिला सगळं पुन्हा, पहिल्यापासून, समजावून सांगण्यात आलं.

त्यातलं वाक्य न् वाक्य तिला पाठ होतं. बावीस वर्षांत ती ते हजारो वेळा बोलली होती, आणि ते इतकं मायेने बोललं जाऊ शकतं हे तिला ठाऊक नव्हतं. घाई करू नका. आवाज कितीही लहान असला तरी उत्तर द्या. नुसता भास झाला असं वाटलं तरी द्या, फक्त काहीच ऐकू आलं नसताना देऊ नका. आणि मध्ये दुसरं काही करू नका, कारण त्याने लक्ष विचलित होतं.

समजलं का, असं विचारलं गेलं.

एकतीस तारीख तीन दिवसांवर होती. नाही म्हणावं, असं तिच्या मनात आलं. तोंड उघडायला लागली तेव्हा तिला त्या रुग्णांचे चेहरे आठवले, जे नाही म्हणत आणि ज्यांना ती तितक्याच शांतपणे पुन्हा पहिल्यापासून सांगू लागे, हवं तर दिवसभर, जागेवरून न हलता.

तिने मान डोलावली.

हात टेबलावरून उचलला गेला. उजव्या बाजूचा उजेड परत आला. थोड्या वेळाने पाठीमागे रबरावर रबर टेकल्याचा मऊ, जड आवाज झाला, आणि रस्ता गेला, दुकान गेलं, मुलीचं हसणं मध्येच तुटलं. पंखा फिरत राहिला.

पानावर बाई काय म्हणाली, ते लिहायचं राहिलं होतं. शाई अजून ओली होती. तिने लेखणीला टोपण लावलं, कागद एकावर एक रचून बाजूला सारले, आणि ताठ बसून पहिल्या आवाजाची वाट पाहू लागली.